पालक सभेला जाताना



आपल्यापैकी अनेकजण अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून पालक सभेला जातात. मागच्या बाकावर बसतात, प्रगतिपुस्तकावर सही किंवा अंगठा करतात आणि "लक्ष द्या" एवढे ऐकून परततात. बुडालेल्या मजुरीचे मोल वसूल व्हायला हवे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या कलम २४ नुसार, नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती पालकांना सांगणे हे पहिली ते आठवीच्या शिक्षकांचे कर्तव्य आहे. ते उपकार नव्हेत. म्हणून विचारताना संकोच नको. आवाजही चढवायला नको.

बँकेत आम्ही खातेदारांना सांगतो, नुसती शिल्लक पाहू नका, पासबुकातल्या नोंदी तपासा. तसेच नुसते टक्के विचारू नका. "गुरुजी, मुलगी किती दिवस गैरहजर होती? धडा स्वतः वाचते का? कोणते गणित अडते? घरी आम्ही काय करावे?" हे चार प्रश्न कागदावर न्या. उत्तरे लिहून घ्या. पुढच्या सभेला तोच कागद काढून काय फरक पडला ते विचारा.

विद्यार्थी मित्रहो, सभेची चिठ्ठी दप्तरात दडवू नका. आईला लिहिता येत नसेल तर तिचे प्रश्न तुम्ही लिहून द्या आणि मानाने तिला वर्गात घेऊन जा.