बाळाचा रंग कशासाठी पाहायचा?



बाळंतिणीला भेटायला आलेला पाहुणा आधी बाळाचा रंग पाहतो. जन्मतः उजळ वाटलेलं बाळ महिन्याभरात सावळं दिसू लागलं की दोष येतो तेलाला, नाहीतर आईच्या खाण्याला. खरं कारण असं, की त्वचेला रंग देणारं मेलॅनिन जन्मानंतर हळूहळू वाढतं. कानाच्या कडा आणि नखांच्या मुळाशी रंग आधी उतरतो, बाकी अंगाला काही महिने लागतात. तोवर रंग एकसारखा नसणारच.

अनेक बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर निळसर करडा डाग असतो. तो मार लागल्याचा नव्हे आणि ग्रहणाचा तर नव्हेच. गर्भात रंगपेशी त्वचेच्या वरच्या थराकडे जाताना काही खालीच राहतात, म्हणून तो निळा दिसतो. जपानमध्ये काम करणाऱ्या एर्विन बेल्झ या जर्मन डॉक्टरांनी १८८५ मध्ये त्याचं वर्णन केलं. बहुतेक मुलांचा हा डाग शाळेत जाईपर्यंत फिका पडतो. दोन-चार वर्षांच्या मुलांच्या गालांवरचे फिकट चट्टे बहुधा कोरड्या त्वचेचे असतात. ते कोडही नसतं आणि कॅल्शियमची कमतरताही नसते.

त्रास होतो तो रंग उजळवण्याच्या खटाटोपातून. बाळाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते. डाळीचं पीठ आणि हळद लावून अंग खसाखसा चोळलं की ती सोलवटते आणि लाली ओसरल्यावर तिथे काळे किंवा पांढरे डाग उरतात. पहिली आंघोळ जन्मानंतर २४ तासांनी, पुढे कोमट पाणी आणि हलका हात एवढं पुरे. खोबरेल हलक्या हाताने लावा, पण घामोळं आलं असेल तर तेल नको. आपल्या गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, मानेच्या, काखेच्या, जांघेच्या घड्या टिपून कोरड्या ठेवा. पावडरची धूळ श्वासात जाते, ती टाळा.

मग रंग पाहायचाच नाही का? पाहायचा, पण आजारासाठी. सावळ्या बाळाची कावीळ कातडीवर लपते, म्हणून उजेडात डोळे, हिरड्या, तळहात आणि तळपाय पाहा. पहिल्या २४ तासांत आलेली, किंवा तळव्यांपर्यंत उतरलेली कावीळ असेल तर कोवळ्या उन्हाच्या भरवशावर थांबू नका. पहिल्या दिवशी हातपाय निळसर दिसले तर बाळाला ऊब द्या, पण ओठ किंवा जीभ निळी पडली तर लगेच निघा. जवळचं आरोग्य केंद्र, म्हापशाचं जिल्हा रुग्णालय, बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ), जे लवकर गाठता येईल ते गाठा. आणखी एक: जुनी दुपटी डांबरगोळ्यांसोबत पेटीत ठेवलेली असतील तर ती बाळाला वापरू नका. जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या बाळाला त्या गोळ्यांच्या वाफांनीही तीव्र कावीळ होऊ शकते.

तेव्हा पुढच्या वेळी बाळ बघायला गेलात, की वर्णाबद्दल काही बोलू नका. दूध नीट ओढतं का, लघवी नीट होते का, एवढं विचारा. त्या माउलीला तुमच्या भेटीचा खरा उपयोग होईल.