माळ्यावरची गाणारी यंत्रे
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



हळदीकुंकवाच्या आधी ग्रामोफोनच्या दुरुस्तीवर व्याख्यान आहे असे कळल्यावर काहीजणींनी एकमेकींकडे पाहिलेले मी पाहिले. परंतु आपल्यापैकी कितीतरी जणींच्या माळ्यावर सासऱ्यांचा नाहीतर वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर, एखादा दिव्यांचा रेडिओ आणि रेकॉर्डींची पेटी पडून आहे. लहानपणी आपल्याला ‘यंत्राला हात लावू नको’ असे बजावले जाई. पण त्यावरची धूळ कोणी पुसायची? ती आपणच! तेव्हा पुसायची कशी, हे तरी आपल्याला ठाऊक असायला हवे.

आधी रेकॉर्डींचे सांगते. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी जड तबकडी ही लाखेची. आपल्या बांगड्यांची लाख तीच ही. तीत दगडाची भुकटी घालून तबकडी दाबीत. गौहरजान यांनी १९०२ साली कलकत्त्यास गायन मुद्रित केले ते अशाच तबकड्यांवर, आणि १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाल्यावर त्या आपल्या देशातच होऊ लागल्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे ज्या बाईने कपाटाला पॉलिश करून घेतले आहे तिला सांगायला नको. म्हणून या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये. साधे गार पाणी, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश रेघांच्या दिशेने गोल फिरवायचा, मधला कागद भिजू द्यायचा नाही, आणि उभी ठेवून सावलीत वाळवायची. १९४८ साली अमेरिकेत निघालेली लाँग प्ले तबकडी व्हिनाईलची, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकची. ती वाकते, फुटत नाही; मात्र खिडकीतल्या उन्हात ठेवाल तर पापडासारखी वर येईल.

सुईची गोष्टही तशीच. लाखेच्या तबकडीची रेघ रुंद, लाँग प्लेची अगदी बारीक. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई एक बाजू वाजली की टाकायची, कारण ती झिजली की रेघ कुरतडू लागते. ती सुई लाँग प्लेवर ठेवणे म्हणजे पैठणीवर खुरपे फिरवणे. उलट बारीक सुई लाखेच्या रेघेत तळाशी जाऊन नुसती खरखर ऐकवते, आणि घरातली मंडळी म्हणतात, रेकॉर्ड खराब झाली! पुष्कळदा रेकॉर्ड चांगली असते.

आपल्या पावसाळ्याने या यंत्रांचे जितके नुकसान केले तितके पोरांनीही केले नसेल. जुन्या पिक-अपमध्ये एका क्षाराचा स्फटिक असे; तो हवेतली ओल पिऊन मुका होतो. स्पीकरच्या कडेचा फोम भिजल्या बिस्किटासारखा गळून पडतो. रबरी पट्टा तर डांबर होतो. यांपैकी काहीही झाले म्हणजे यंत्र मेले असे नव्हे. पट्टा नवा मिळतो, स्पीकरची कड नवी चिकटवता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबापाशी अजून विचारून पाहावे.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. दिव्यांचा रेडिओ वीस वर्षांनी माळ्यावरून काढला आणि थेट प्लगात घातला, असे कृपा करून करू नका. आतले कंडेन्सर सुकलेले असतात. ते फुटतात आणि महागडा ट्रान्सफॉर्मर सोबत घेऊन जातात. जाणता कारागीर आधी साठ वॉटचा जुना तारेचा दिवा रेडिओच्या वाटेत जोडतो. दिवा लख्ख पेटून तसाच राहिला तर आत बिघाड आहे. किंचित पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. शिवाय प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तीनतीनशे व्होल्ट साठून राहू शकतात. काही स्वस्त रेडिओंना तर ट्रान्सफॉर्मरच नसे आणि आतला पत्रा सरळ विजेच्या तारेशी जोडलेला असे. मागचे झाकण उघडून ओल्या फडक्याने धूळ पुसणे हे काम नव्हे, संकट आहे.

कारागीर निवडतानाही जपा. माझ्या ओळखीच्या एकीचा सुंदर लाकडी रेडिओ एकाने ‘दुरुस्त’ करून दिला, म्हणजे आतले सारे काढून भंगारात घातले आणि ब्लूटूथची पट्टी बसवली. आवाज येतो, नाही असे नाही. पण बदललेले भाग परत मागण्याचा आपला हक्क आहे, आणि काय बदलणार ते आधी विचारण्याचाही.

आपल्यातल्याच एका आजींकडे १९६८ सालची स्पूल टेप आहे. तीवर त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. त्यांच्या आईचा दुसरा आवाज या जगात कोठेही नाही. मशीनचा पट्टा विरघळलेला होता. घरच्यांनी दुसऱ्या कशाचा पट्टा चढवून पाहिला, तर आई पुरुषासारखी दमून गाऊ लागली, आणि आजी उठून आत गेल्या. योग्य मापाचा पट्टा मिळायला तीन महिने लागले. तोवर मी एकच हट्ट धरला की टेप पुन्हा लावायची नाही. जुनी टेप कधी तुटेल सांगता येत नाही, म्हणून पहिल्याच वेळी नक्कल उतरवून घ्यावी. तशी ती घेतली. ओव्यांच्या मध्ये जात्याची घरघर आहे, आणि एके ठिकाणी ‘दार लाव गं’ असे कोणीतरी म्हणते. ते दार लावणारी मुलगी आपणच, असे आजी म्हणाल्या.

येत्या शनिवारपासून दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत यंत्र मांडून ठेवीत आहोत. ज्यांच्याकडे टेपा किंवा रेकॉर्डी असतील त्यांनी आणाव्यात. रेकॉर्डी आडव्या रचू नका, उभ्या धरून आणा. आणि घरी पुसून आणण्याची घाई करू नका.