लागेल कधीतरी

माउली, घरातल्या माळ्यावर एकदा चढून बघा. बंद पडलेला मिक्सर, मोडका पंखा, चाळिशी गाठलेल्या लेकाची तीनचाकी सायकल! विचारलं तर उत्तर ठरलेलं: "असू द्या, लागेल कधीतरी." हे 'कधीतरी' म्हणजेच मोह, बरं का!

योगशास्त्रात पाच यम सांगितले आहेत, त्यांतला शेवटचा अपरिग्रह. गरजेपुरतं ठेवावं, साठवू नये. तुकोबांची कथा आपण ऐकतो. सावकारीची खतं त्यांनी धाकट्या भावाबरोबर वाटून घेतली आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडला. हक्काचं येणं सोडलं त्यांनी! आपल्याच्यानं मोडका पंखा सुटत नाही.

तुम्ही मात्र नदीत काही टाकू नका हो! विका. पितळ, तांबं, लोखंड वेगळं करा; एकत्र दिलंत तर पितळही लोखंडाच्या भावात जाईल. तीनचाकी धड असेल तर भंगारात घालू नका, शेजारच्या लेकराला थोडक्या पैशांत द्या.

आणि सासूबाईंचा हंडा? त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. त्या समोर बसलेल्या असताना त्यांचा संसार किलोच्या भावानं जाऊ नये. त्या म्हणाल्या, "राहू दे," तर राहू द्या. तो हंडा अडगळ नव्हे.

रामकृष्ण हरी!