टेन्शनला किती दाणे?

मागच्या महिन्यात आम्ही चौघीजणी एक प्रश्नावली घेऊन वस्तीत फिरलो. धुणीभांडी करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, बांधकामावरच्या बिहारी बहिणी, कार्यालयात जाणाऱ्या ताई, यांना कामाचा ताण किती ते बघायचं होतं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली ताण मोजायची एक फूटपट्टी केली. आज वापरतात त्यात बहुधा १० प्रश्न असतात. गेल्या महिन्यात अमुक किती वेळा वाटलं, एवढंच विचारायचं. ‘कधीच नाही’ला शून्य, ‘खूपदा’ला ४. सोपं वाटलं.

पहिल्याच घरी अडलो. ‘ताण येतो का?’ म्हटल्यावर मावशी पोटरीला हात लावून म्हणाल्या, “येतो ना, जिने चढून.” ‘टेन्शन’ म्हटलं तर मुलाची फी निघाली. कामाचं कसलं टेन्शन, काम तर करायचंच असतं! बिहारी बहिणींसाठी हिंदी कागद केला. तो दुसरीकडून परत मराठीत करून घेतला, तेव्हा दोन प्रश्नांचा अर्थच बदललेला निघाला. हे आधी करायचं असतं, चूक आमचीच.

‘कधीकधी’ की ‘बऱ्याचदा’, हे सांगताना सगळ्याच गोंधळत. मग वाटीत चार शेंगदाणे ठेवले, वाटतं तेवढे उचला. (एकीने बोलता बोलता खाऊन टाकले.)

यातले काही प्रश्न उलटे असतात. ‘सगळं मनासारखं चाललंय असं किती वेळा वाटलं?’ यावर मावशींनी चारही दाणे उचलले. “भरल्या घरात रडगाणं कशाला?” शेजारी सासूबाई बसलेल्या. त्यांची बेरीज सगळ्यांत कमी आली. उठताना सहज म्हणाल्या, रात्री दोनला जाग येते ती येतेच. कार्यालयातल्या ताईंना ‘स्ट्रेस’ शब्द सवयीचा, त्यांची बेरीज दुप्पट. त्यांचा त्रास खोटा नाही. पण मावशींना त्यांच्या निम्माच ताण, हे आम्हाला पटेना.

रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडलं होतं की कामाचा रेटा मोठा आणि ते आपल्या मताने करायची मोकळीक कमी, तिथे ताण जास्त. ते धरून आम्ही प्रश्न बदलले. मनाचं नंतर, आधी कामाचं. उशीर झाला तर काय होतं? आजारी पडलात तर पैसे कापतात का? कामाच्या घरी संडास वापरू देतात का?

मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. “म्हणून तर मी दुपारपर्यंत पाणीच पीत नाही,” म्हणाल्या.

आता पुढची फेरी देवळामागच्या ओट्यावर, सासूबाई आणि मुकादम दोघांपासून लांब. तुम्हाला विचारावासा वाटणारा प्रश्न असेल तर नक्की कळवा. आणि झोप उडाली असेल, जीव घाबरत असेल, तर आमच्या फेरीची वाट बघू नका. सरकारची टेलिमानस सेवा आहे, नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.