विहारधामाची जमीन आणि नऊ पंचांचा धडा



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने शहापूर-मुरबाड परिसरात विहारधामासाठी जागा घ्यावी, असा विचार पुढे आला आहे. महामार्गाने शहापूरवरून नाशिककडे आणि कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे विहार करणाऱ्या साधु-साध्वींना वाटेत निवारा लाभावा, ही भावना वंदनीय आहे. परंतु निर्णय केवळ भावनेवर सोपवू नये. या संदर्भात न्यायालयातील एक उदाहरण आठवते.

१९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावर खुनाचा खटला चालला. कौल देण्याचे काम नऊ सामान्य नागरिकांच्या ज्यूरीकडे होते. बाहेर लोकमत तापलेले होते. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले. न्यायाधीश आर. बी. मेहता यांना तो कौल पुराव्याशी विसंगत वाटला व त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. १९६० मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही.

ज्यूरी गेली, पंचाचे कर्तव्य मात्र विश्वस्ताच्या आसनावर आजही आहे. आपल्या मनातील ओढ बाजूस ठेवून पुरावा ऐकणे, हेच ते कर्तव्य.

शहापूर तालुका संपूर्णतः आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन शासनाच्या पूर्वमान्यतेने मिळालेल्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीस घेता येत नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेल्या आदिवासी जमिनी परत करण्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. म्हणून आजचा सातबारा स्वच्छ दिसला तरी जुने फेरफार वाचलेच पाहिजेत. शिवाय शेतजमीन बिगर-शेतकऱ्यास घ्यावयाची तर १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ आडवे येते. व्यवहार पूर्ण झाल्यावर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, तो निराळाच.

सातबारा हा एक साक्षीदार, फेरफार हा दुसरा. तिसरा साक्षीदार म्हणजे ती जमीन प्रत्यक्ष कसणारा ठाकूर, कातकरी वा कोळी महादेव शेतकरी. दलालाच्या मोटारीत बसून जागा पाहणाऱ्यांची याच्याशी गाठ पडत नाही. समृद्धी महामार्गामुळे शहापुरात जमिनीला मोल आले आहे, आणि मोल वाढले की या साक्षीदाराचा आवाज आणखी क्षीण होतो.

आपल्या तिसऱ्या व्रताचे नाव अदत्तादान-विरमण आहे. जे दिलेले नाही, ते घ्यावयाचे नाही. कागदावर अंगठा उमटला म्हणजे मनाने दिले, असे होत नाही. आणि अनेकांतवाद सांगतो की, एका बाजूने पाहिलेले सत्य अपुरे असते.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, विसार देण्यापूर्वी विश्वस्तांनी एक संपूर्ण दिवस पंच म्हणून त्या गावात बसावे. कसणाऱ्याचे, शेजाऱ्याचे, ग्रामसभेचे ऐकावे, आणि एकाही विश्वस्ताच्या मनात शंका उरली तर तिची नोंद इतिवृत्तात करावी. नऊ जणांतील तो एक पंचही एकटाच होता.

जागा एक वर्ष उशिरा मिळाली तरी चालेल. ज्या भूमीवर महाराजसाहेबांची पावले विसावतील, त्या भूमीवर कोणाचा निःश्वास नसावा, एवढेच मागणे.

जय जिनेंद्र.