त्रिकोण का बंद होत नाही?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मुली, गणित आणि संगणक या विषयावर बोलायला मला सांगितलं आहे. सुरुवातीलाच कबूल करते, मी गणिताची शिक्षिका नाही आणि संगणकाची तज्ज्ञही नाही. समाजकार्य शिकले, वस्तीत काम करते. दहावीला गणितात काठावर पास झाले आणि पुन्हा त्या विषयाकडे वळून पाहिलं नाही. मग माझा या विषयाशी संबंध आला कसा? तर मुलींच्या शाळागळतीमुळे.

आठवी-नववीतली मुलगी शाळेत दिसेनाशी झाली की आपण तिच्या घरी जातो. कारणं आपल्याला पाठ आहेत. पाण्याची वेळ, धाकटी भावंडं, रस्त्यावरची छेडछाड, लग्नाची बोलणी. पण यांच्याबरोबर आणखी एक वाक्य मी वारंवार ऐकलं आहे. "ताई, तिला गणित जमतच नाही. मग पुढे शिकवून काय करायचं?" मुलाला गणित जमत नसलं तर क्लास लावतात, मुलीला जमत नसलं तर स्थळ बघतात. म्हणजे वहीतली चूक वहीत राहत नाही. ती मुलीच्या आयुष्याचा निकाल होऊन बसते.

म्हणून मी चुकीकडे वेगळ्या नजरेने पाहणारे लोक शोधू लागले. त्यात मला 'लोगो' सापडली. अमेरिकेत १९६७ साली वॉली फॉयरझाइग, सिमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी ही संगणकाची भाषा तयार केली. पॅपर्ट हे गणिती. जिनिव्हाला पियाजे यांच्याबरोबर त्यांनी मुलं कशी शिकतात याचा अभ्यास केला होता. त्यांचं नाव पुढे खूप गाजलं. सॉलोमनबाईंचं नाव तितकं घेतलं जात नाही. हा अनुभव आपल्याला नवा नाही!

लोगोमध्ये एक कासव असतं. आधी ते जमिनीवर चालणारं छोटं यंत्र होतं, पुढे ते पडद्यावर आलं. त्याला सांगायचं: पुढे १०० पावलं जा, उजवीकडे ९० अंशांत वळ. ते चालतं आणि मागे रेघ उमटते. हेच चार वेळा केलं की चौकोन होतो. पॅपर्ट यांनी १९८० साली 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात मांडलेला मुद्दा साधा आहे. संगणकाने मुलाला शिकवायचं नाही, मुलाने संगणकाला शिकवायचं. आणि पहिल्या फटक्यात बरोबर चालणारा प्रोग्रॅम जाणकारही क्वचितच लिहितात. त्यामुळे बरोबर की चूक हा प्रश्नच मागे पडतो. कुठे अडलं आणि ते दुरुस्त कसं करायचं, हा प्रश्न पुढे येतो.

आमच्या अभ्यासिकेत तीन जुने संगणक आहेत. 'पायथन' नावाच्या भाषेत असंच कासव आयतं आणि फुकट मिळतं. त्यातल्या आज्ञांना देवनागरीत नावंसुद्धा देता येतात, म्हणून आमचं कासव 'पुढे' आणि 'उजवीकडे' हे शब्द समजतं. एके दिवशी आठवीतली एक मुलगी त्रिकोण काढत होती. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे तिला पाठ होतं. म्हणून तिने लिहिलं: पुढे १००, उजवीकडे ६०, असं तीन वेळा. कासव चाललं, पण त्रिकोण काही बंद होईना. तीन बाजूंची उघडी वाटी तयार झाली. "चुकलं," म्हणाली आणि भराभर पुसायला लागली.

खरं सांगते, काय चुकलं ते मलाही कळलं नव्हतं. मी म्हटलं, पुसू नकोस, आपणच कासव होऊ. खडूने फरशीवर त्रिकोण काढला आणि तिला त्यावरून चालायला सांगितलं. ती उठेना. "मुलगे बघताहेत." मैत्रिणींनो, ही गणिताची अडचण आहे की नाही? आपण मुलींना अंग चोरून बसायला शिकवतो. आणि या गणितात तर ऐसपैस चालावं लागतं, हात पसरून वळावं लागतं. शेवटी आम्ही दोघी मिळून चाललो. पहिल्या कोपऱ्यावर ती थांबली, थोडी वळली, अजून वळली, चांगलीच वळली. मग म्हणाली, "ताई, सर कोपऱ्याच्या आतला कोन मोजतात. आपण तर बाहेरून वळतोय!" १८० मधून ६० गेले, राहिले १२०. तीन वेळा १२० म्हणजे ३६०, एक पूर्ण फेरी. चौकोनातही चार वेळा ९०, पुन्हा ३६०. मग मी विचारलं, तुझी ती वाटी तशीच पुढे चालवली तर? तिने तीनऐवजी सहा वेळा चालवली. सुरेख षटकोन झाला. तिचं उत्तर दुसऱ्याच आकृतीचं बरोबर उत्तर होतं.

पुढच्या चाचणीत तिला भरपूर मार्क पडले असं सांगून मी टाळ्या घेणार नाही. पडले नाहीत. पण आता ती "मला येत नाही" असं न म्हणता "कुठे अडलंय बघू" असं म्हणते.

यंत्र आणलं की सगळं होईल, असा मात्र समज करून घेऊ नका. न्यूयॉर्कमध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी १९८४ साली दाखवलं होतं की नुसती लोगो शिकलेली मुलं इतर कामांची आखणी जास्त चांगली करतात असं दिसत नाही. इंग्लंडमध्ये 'स्क्रॅचमॅथ्स' नावाचा मोठा प्रयोग झाला. २०१८ सालच्या त्याच्या मूल्यमापनात गणिताच्या परीक्षेतल्या गुणांवर परिणाम आढळला नाही. प्रोग्रॅमिंगला लागणाऱ्या विचारपद्धतीत मात्र थोडी प्रगती दिसली. सगळं अवलंबून असतं ते शिकवणाऱ्यावर, आणि संगणकासमोर कोण बसतं यावर.

आमच्याकडे कोण बसत होतं? पहिले दोन महिने मुलगे. मुली मागे उभ्या राहून त्यांची आकडेमोड वहीत उतरवून द्यायच्या. कुणी त्यांना मनाई केली नव्हती, आणि मलाही ते उशिरा दिसलं! मग नियम केला: दर दहा मिनिटांनी की-बोर्ड दुसऱ्याच्या हातात, आणि आठवड्यातले दोन दिवस फक्त मुलींचे. तेही नळाला पाणी येण्याची वेळ सोडून.

आणखी एक गोष्ट. शेरी टर्कल आणि पॅपर्ट यांनी १९९० साली 'साइन्स' या स्त्री-अभ्यासाच्या नियतकालिकात लिहिलं की प्रोग्रॅमिंगची एकच रीत खरी मानली जाते. आधी वरून पूर्ण आखणी, मग तुकडे. पण कित्येक जणी, आणि काही पुरुषही, तुकडे हाताळत, जुळवत, बदलत काम करतात, चव घेत घेत मीठ घालावं तसं. त्यांना "ही पद्धत नव्हे" असं सांगितलं जातं, आणि त्या या विषयापासून मनाने दूर जातात. रीत एकच असा हट्ट हाही वर्चस्वाचाच प्रकार आहे.

ठिपक्यांच्या रांगोळीचं उदाहरण घ्या. ठिपके मोजणं, वळणं, तोच आकार फिरवून पुन्हा काढणं, हे सगळं आपल्या मुली करतातच. तमिळनाडूतल्या बायकांच्या कोलमवर १९७४ साली मद्रासच्या गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी संगणकशास्त्राचा शोधनिबंध लिहिला. म्हणजे उंबऱ्यावरचं ते काम गणितच होतं. पण म्हणून मुलींनी रांगोळीवर समाधान मानावं असं मी म्हणणार नाही. तिथून निघून बीजगणितापर्यंत पोचण्याचा त्यांचा हक्क आहे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आलं आहे. यू-डायसच्या २०२३-२४ च्या आकड्यांनुसार चालू स्थितीतले संगणक देशातल्या सुमारे ५७ टक्के शाळांत होते. आपण बहुतेक फक्त यंत्रं किती आली हेच विचारतो. यापुढे शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या आपल्या बायकांनी आणखी तीन प्रश्न विचारावेत. खोलीला कुलूप असतं की ती उघडी असते? की-बोर्डवर मुलीचा हात दिवसातून किती मिनिटं असतो? आणि शिक्षिकेला प्रशिक्षण मिळालं का? संगणक नसेल तिथे खडू आणि फरशी घेऊन सुरुवात करा. एकीने कासव व्हायचं, दुसरीने आज्ञा द्यायच्या.

मुलगी चुकली की "राहू दे" म्हणण्याऐवजी "पुसू नकोस, चालून बघू" असं म्हणणारं कुणीतरी तिच्या शेजारी हवं. ते काम आपल्याला नक्की करता येईल. मला तर वयाच्या पस्तिशीत त्रिकोण कळला.