आरोग्याचे आकडे आणि आपले गाव



आज मी तुमच्याशी आकड्यांविषयी बोलणार आहे. आकडे म्हटले की पुष्कळांना शाळेतला गणिताचा तास आठवतो आणि रेडिओ बंद करावासा वाटतो. पण घटकाभर थांबा. हे आकडे तुमच्याआमच्या घरच्या पाळण्यापासून सुरू होतात.

काही वर्षांपूर्वी कॉलेजच्या मुलांना घेऊन मी एका गावी शिबिराला गेलो होतो. तेथे ग्रामपंचायतीतली जन्म-मृत्यूची नोंदवही पाहायला मिळाली. दोन वर्षांत वर्षाच्या आतले एकही मूल दगावल्याची नोंद तीत नव्हती. संध्याकाळी देवळासमोर सभा झाली. मी गावाचे तोंडभरून कौतुक केले, टाळ्याही पडल्या. सभा पांगल्यावर अंगणवाडीच्या ताई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, दोन लेकरं गेली की हो. एक सुनेच्या माहेरी, बाळंतपणानंतर लगेच. दुसरं इथंच वस्तीवर, तिसऱ्या दिवशी. बारसं व्हायच्या आधीच गेलं. मग लिहायला कोण जाणार?"

मी मान खाली घातली. एम. ए. झालेला माणूस मी, आणि कोऱ्या पानाला सुख समजून बसलो! वास्तविक कोऱ्या पानाचे अर्थ दोन. एक, काही घडले नाही. दुसरा, घडले पण कोणी लिहिले नाही. यांतला खरा कोणता, हे पान आपण होऊन सांगत नाही. ते विचारावे लागते.

विचारल्याने काय साधते, त्याची एक जुनी गोष्ट सांगतो. 1854 साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांना वाटे की पटकी पाण्यातून पसरते. पुष्कळांचा समज मात्र असा की ती दूषित हवेने होते. स्नो यांनी काय केले? लंडनमध्ये मृत्यूंची सरकारी नोंद होत असे. त्या कचेरीतून त्यांनी आठवड्यातल्या मृत्यूंची यादी मागून घेतली. पटकीची 89 माणसे होती. यादी हातात घेऊन ते घरोघर फिरले. बहुतेक घरे ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाच्या आसपासची निघाली. दुसऱ्या पंपाजवळच्या घरांतले मृत्यू अवघे दहा, आणि त्यांतलीही काही माणसे याच पंपाचे पाणी पीत असत. स्नो यांनी हे तेथल्या स्थानिक समितीपुढे मांडले आणि पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर उतरणीला लागली होती, हेही खरे. पण पाण्याकडे बोट दाखवणारा पुरावा जगाला मिळाला. पाहा, आधी कोणी लिहिले होते, ते मागणाऱ्याला मिळाले, आणि मागणारा पुढे स्वतःच्या पायांनी चालला.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला अशी यादी कोण देणार? नावानिशी यादी कोणाला मिळू नये, तेच बरे. ती लोकांच्या घरची गोष्ट आहे. परंतु नावे वगळून केलेली कोष्टके आज सर्वांना खुली आहेत, आणि तीही फुकट. त्यांतल्या तीन जागा सांगतो.

पहिली, जनगणना. गावाची लोकसंख्या आणि सहा वर्षांपर्यंतची मुले-मुली हे सारे तीत गावागणिक मिळते. मात्र 2021 ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, म्हणून 2011 चे आकडे वापरताना त्यांचे वय ध्यानात ठेवावे.

दुसरी, नमुना नोंदणी पद्धत. काही निवडक गावांत व वस्त्यांत तिथलाच कोणी माणूस, बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, जन्म-मृत्यू सतत टिपत असतो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस येऊन स्वतंत्रपणे चौकशी करतो. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात आणि जुळत नाही तिथे पुन्हा घरी जातात. माहेरी गेलेल्या सुनेचे मूलही तीत सुटू नये अशी योजना आहे. ग्रामपंचायतीच्या वहीत मृत्यू जिथे घडला तिथे लिहितात. या पद्धतीत माणूस राहतो कुठे ते पाहतात.

तिसरी, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. हिचे काम मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. पहिली फेरी 1992-93 ला झाली. पाचवी 2019 ते 2021 या काळात, आणि तीत देशभरची सहा लाखांवर घरे पाहिली गेली. प्रत्येक जिल्ह्याचे माहितीपत्रक मोबाईलवरसुद्धा उतरवून घेता येते. लसीकरण, बाळंतपण, रक्तक्षय, मुलांची वाढ हे सारे त्यात मागल्या फेरीच्या शेजारी मांडलेले असते.

बरे, आकडा मिळाला. तो लगेच फळ्यावर लिहावा का? नाही. आधी त्याला तीन प्रश्न विचारावेत. कोणी मोजले? केव्हा मोजले? आणि कितींपैकी?

उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आतली किती मुले दगावतात? नमुना नोंदणी 2020 साठी सांगते, 16. कुटुंब पाहणीची पाचवी फेरी सांगते, सुमारे 23. मग खोटे कोण बोलते? तसे म्हणता येणार नाही. एकीने एका वर्षाचे टिपले. दुसरीने आयांना विचारून मागल्या पाच वर्षांचा हिशेब केला. मोजण्याची रीत वेगळी, काळही वेगळा. म्हणून एका वर्षी एकीचा आणि पुढच्या वर्षी दुसरीचा आकडा घेऊन "सुधारणा झाली" किंवा "बिघडले" म्हणू नये. तुलना करायची तर एकाच मापाने.

आणि तिसरा प्रश्न, कितींपैकी? गावात वर्षाला तीस जन्म होत असतील, तर एक मूल दगावले की दर हजारी 33 होतो. न दगावले की शून्य. एवढ्यावरून गावाला दोष देऊ नये, आणि माझ्यासारख्याने टाळ्याही घेऊ नयेत. कुटुंब पाहणीच्या पत्रकात काही आकडे कंसात असतात. ते थोड्या, म्हणजे 25 ते 49 नोंदींवरून काढलेले असतात. जिथे तारा छापलेला असतो तिथे नोंदी 25 हूनही कमी, म्हणून आकडा दाखवलेलाच नाही. छापणाऱ्यांनी स्वतःच सांगितले आहे, इथे जपून पाऊल टाका.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती. शेकडेवारी शिकवताना आपल्याच जिल्ह्याचे पत्रक वर्गात घ्या. पुस्तकातल्या आंब्याच्या पेट्यांपेक्षा आपल्या जिल्ह्यातली लस न मिळालेली मुले मुलांना जास्त कळतील. आणि एखादे पोर नक्की विचारील, "गुरुजी, हे असं का?" संशोधन म्हणतात ते त्या प्रश्नापासूनच सुरू होते.

इतर श्रोत्यांना एवढेच सांगतो. 1969 च्या कायद्याप्रमाणे जन्म आणि मृत्यू 21 दिवसांच्या आत कळवावेत. त्याला पैसे पडत नाहीत. मूल एक दिवस जगले तरी त्याचा जन्म लिहायचा आणि मृत्यूही लिहायचा. नाव ठेवलेले नसले तरी चालते.

वस्तीवरच्या त्या बाळाला कोणी हाक मारली नव्हती. ते वहीत लिहिले गेले असते, तर निदान कोणीतरी विचारले असते, तिसऱ्या दिवशी असे काय झाले? आणि पुढचे मूल कदाचित त्या प्रश्नामुळे वाचले असते.